आबांच्या हातावरचं मीठ

कळमनुरीत माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. काउंटरवर ना लिंबू-मिरची, ना कुठल्या बुवाचा फोटो. पिकावर कुणी करणी केली म्हणून रडत येणाऱ्याला मी आधी पानामागचा मावा दाखवतो आणि मग औषध देतो. असला माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडील — आम्ही त्यांना आबा म्हणतो — सत्तरीतही साठेक मेंढ्या राखतात. धाकटी बहीण वैशाली मात्र प्राणिशास्त्र शिकली आणि देवमासे-डॉल्फिन वाचवणाऱ्या एका संस्थेत कामाला लागली, थेट मालवणकडच्या किनाऱ्यावर. आबांनी समुद्र जन्मात पाहिलेला नाही. पगार बेताचा, त्यात गावात चेष्टा. "मासे राखायले पोरगी शिकवली व्हय आमी?" म्हणाले, आणि सहा महिने तिच्याशी बोललेच नाहीत. शेवटी माझ्याकडून निरोप धाडला — आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नोकरी सोडून घरी ये, नाहीतर येऊच नको. वैशालीने फक्त "बघते दादा" म्हटलं. ती नोकरी सोडणार नाही हे मला माहीत होतं, आणि आबा शब्द मागे घेणार नाहीत हेही.

एप्रिलातला रविवार होता. दुकान बंद, म्हणून आबांचा डबा घेऊन मीच शेतावर गेलो. मेंढरं लिंबाखाली बसलेली. दोन वाजले असतील. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच ठेवला आणि उठले. भर उन्हात चार पावलं गेले, ढेकळांत गुडघे टेकले आणि दोन्ही हात पुढे धरून बसले. मेंढी आडवी पडली की पोट फुगून मरते, म्हणून आम्ही तिला हातांचा टेकू देऊन सरळ धरतो. अगदी तसं. हातात मात्र काहीच नव्हतं.

"आबा, काहून बसले उन्हात? चक्कर येऊन राहिली का?"

"गप. कलंडल ते."

"काय कलंडल?"

मी उठवायला गेलो, तर हलेनात. दंड ताठ, थरथरणारे... खरंच वजन पेलल्यासारखे. ऊन लागलं असणार म्हणून डॉक्टरांना फोन केला, तर ते लग्नाला गेलेले. मग काय, छत्री धरून उभा राहिलो. कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं.

अर्ध्या तासाने मेंढ्या एकेक करून उठल्या आणि आबांभोवती येऊन त्यांचे हात चाटायला लागल्या. मिठाचा खडा दिला की चाटतात तशा. मी वाकून पाहिलं. कोपरापासून बोटांपर्यंत हात चिंब, थेंब मातीत पडत होते. सदऱ्याची पाठ मात्र कोरडी ठणठणीत! बोट लावून जिभेला लावलं. खारट. घामच आहे, मी स्वतःला बजावलं. पण नुसता कोपराखाली?

साडेचारच्या सुमारास आबांनी हात खाली सोडले आणि तिथेच मातीत बसले. पाचच मिनिटांत माझा फोन वाजला. वैशाली. मी काही बोलायच्या आत आबांनी तो हिसकावून घेतला आणि सहा महिन्यांनी लेकीशी पहिला शब्द बोलले.

"गेलं का पाण्यात?"

पलीकडे ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

मी फोन स्पीकरवर टाकला, तेव्हा तिने सांगितलं: ओहोटीला एक डॉल्फिन उथळ पाण्यात वाळूवर रुतला होता. संस्थेची माणसं लांब, जवळ ही एकटी. तो कलंडला की डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊन मरतो, म्हणून भरतीचं पाणी चढेपर्यंत ती त्याला सरळ धरून बसली होती. अडीच तास!

"मधे एकदा हात सुटले माझे, आबा. मी पडले. तो कलंडायलाच पाहिजे होता... न्हाई कलंडला. पल्याडून कुणी धरल्यावानी थांबला. आता गेला तो. पोहत गेला."

मी सांगतो, त्या क्षणी अंगावर काटा आला तो भीतीने नाही. माझी एवढीशी बहीण! ऊर भरून आला.

आबा म्हणाले, "आखाजीले सुट्टी भेटली तर ये. न्हाई भेटली तर तुझं काम बघ."

नंतर मी सगळं तपासून पाहिलं. ऊन, रक्तदाब, योगायोग. त्या फोनआधी वैशालीने दुपारभर घरी कुणालाही फोन केला नव्हता, हे ती घरी आली तेव्हा तिचा फोन हातात घेऊन पाहिलं. ते मीठ कुठून आलं, माझ्याकडे आजही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही.

आबांना विचारून विचारून थकलो. परवा एकदाच बोलले, तेही मेंढरांकडे बघत.

"म्या काय केलं? नुसता हात लावला. लई जड होतं ते... धरून तर माझी पोरगीच होती."