तीन बाजूंचं माद्रिद

दौलत परब मूळचा कुडाळजवळचा सुतार. शारजातल्या आमच्या कन्सल्टंटच्या ऑफिसात तो इमारतींची मॉडेलं करायचा. आम्ही डिग्रीवाले वातानुकूलित खोलीत बसून इमारती काढायचो, आणि त्यातल्या निम्म्या दौलतच्या थर्माकोलपलीकडे कधी उभ्याच राहिल्या नाहीत. तरी पगारवाढ आमचीच व्हायची.

शहाण्णव साली आमच्या अरबाबांना, म्हणजे मालकांना, फुटबॉलचं वेड लागलं. माद्रिदच्या बर्नाबेऊसारखं स्टेडियम आपलंही हवं, असं त्यांनी ठरवलं. त्यात खेळणार कोण, हे विचारायची छाती कुणाची नव्हती. दौलतला काळजी वेगळीच. चतुर्थी तोंडावर आली होती आणि दोन वर्षं घरचा गणपती त्याच्याविना बसला होता. पासपोर्ट अरबाबांच्या कपाटात. "मॉडेल पास, तो छुट्टी, इन्शाल्ला," असं ते म्हणाले होते.

आमचे मुख्य आर्किटेक्ट सबनीस, पुण्याचे. त्यांनी दौलतच्या हातात स्टेडियमच्या फोटोची झेरॉक्स कोंबली, तीही एका बाजूला काळीठिक्कर. दौलतने रजेच्या घाईत भराभर हात चालवला आणि हाताला ज्याची सवय होती तेच उतरलं. तीन बाजूंना छप्पर, पुढची बाजू मोकळी.

सबनीस भडकले. "अरे, हे स्टेडियम आहे की मखर? चौथ्या साइडचं रूफ कुठाय?"

"समोरसून देव दिसाक होयो ना..." दौलत चाचरला.

"व्हिसा कॅन्सल करून उद्याच्या फ्लाइटने घरी पाठवतो तुला!"

तेवढ्यात अरबाबच आले. त्यांनी मोकळ्या बाजूवर बोट ठेवलं. "ये क्यूँ खाली?"

सबनीसांचं तोंड एवढंसं झालं. संदर्भासाठी आणलेल्या जाड पुस्तकावर महिनाभर चहाचे कप ठेवले जात होते. ते त्यांनी घाईघाईने उघडलं. नशीब बघा! सत्तेचाळीस साली सुरू झालेल्या त्या स्टेडियमला ब्याऐंशीच्या वर्ल्ड कपसाठी छप्पर चढवलं, तेही तीनच बाजूंना. पूर्वेकडचे प्रेक्षक उघड्यावरच.

"डिझाइन कॉन्सेप्ट, सर! सेम टू सेम माद्रिद," सबनीस छाती फुगवून म्हणाले. "मैंने खुद स्टडी किया."

"माशाल्ला!" अरबाब खूश झाले. "मेरे दोस्त लोग के लिए पाँच और बनाओ. यल्ला!"

"सर, इसकी छुट्टी..." मी मध्ये तोंड घातलं.

"छुट्टी बाद में. खलास."

ते गेल्यावर सबनीसांनी दौलतच्या पाठीवर थाप मारली. "वाचवलं बरं का तुला!" मला त्या माणसाचा असा संताप आला, पण माझाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

दौलतने थर्माकोलची नवी शीट पुढे ओढली. "साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला ते पान सापडलं नसतं तर चतुर्थीला मी घरी असतो."