एकोणीस नंबरचा उंदीर

“एकोणीसला पेशी कुणी टोचल्या? कोण शिरलं होतं आत?”

मॅडम अशा ओरडत होत्या की तिकडं परळीच्या वीजकेंद्राच्या चिमणीवरची राख झडावी. मी पिंजरा हातात धरून उभा. आत एकोणीस नंबरचा उंदीर खुशाल दाणे फोडत होता...

मी कडा गावचा. गावात माझ्या गप्पा निम्म्या वजा करूनच ऐकतात. भुताखेतांच्या चार तर मीच रचल्यात, त्यामुळं असल्या गोष्टींवर माझाच विश्वास बसणं शक्य नव्हतं. पण यातलं काही वजा करू नका.

संभाजीनगरला मॅडमच्या प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळतो. औषध देऊन उंदरांचं लिव्हर नासवायचं, मग निम्म्यांना निरोगी उंदराच्या लिव्हरच्या पेशी टोचायच्या. त्या आत रुजतात, लिव्हर पुन्हा फुटतं – तोडलेल्या उसाला खोडवा फुटावा तसं. उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. ते मरतात. फरक कळावा म्हणून ठेवलेलेच असतात ते. एकोणीस त्यातला.

तिकडं घरी आप्पा, माझा थोरला भाऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चढला तर काट्याला घाम फुटावा असा गडी. पण लिव्हर गेलं आणि बाजेवर हळकुंडासारखा पडला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. वहिनीचा फोन आला, “भाऊजी, तुमी तिथं उंदरांची लिव्हरं उगवता. ह्यांचं कावून उगवत न्हाई?”

फोन ठेवून मी उंदरांच्या खोलीत गेलो.

आमच्याकडं माणूस असा अडला की म्हसोबाला जनावर सोडतात – ह्याच्या बदल्यात हे घे म्हणून. मी लई हुशार. एकोणीसच्या पिंजऱ्यापुढं हात जोडले, उंदराच्या कानात आप्पाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, म्हसोबा, हा घे, आप्पाला सोड. उंदीर तसाही चार दिवसांचा सोबती... सौदा फुकटात.

तिसऱ्या दिवशी त्याच्या कानांचा पिवळेपणा उतरला. आठव्या दिवशी तो जाळीला लोंबकळायला लागला. त्याच दुपारी, मॅडम ओरडत असतानाच, माझ्या खिशातला फोन वाजला. आप्पा गेला होता.

नंतर मॅडमनी उंदीर उघडला. लिव्हर कोवळं, भरलेलं. टोचायच्या पेशींना आधीच खूण केलेली असते, त्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात; इथं एकही हिरवी नव्हती. म्हणजे कुणी काही टोचलंच नव्हतं. औषधच लागलं नसेल म्हणावं, तर तो बाकीच्यांसारखाच पिवळा पडून वाळला होता – रोज वजन मीच घेत होतो. मॅडमना अजून कारण सापडलेलं नाही. मी तर शोधायचंही सोडलं... सापडलं तरी आप्पा कुठून आणू?

दहाव्याला गावी वहिनीला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा, पदरचं काही न घालता. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

“म्हसोबाला धडधाकट जनावर लागतंय, भाऊजी. मरणारं न्हाई.”