काकांनी केलेलं विसर्जन

खोपोलीपासून कर्जतपर्यंत देवाधर्माने वागणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण घरातल्या यंत्रांनाही देवाधर्माने वागायला लावणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. खोपोलीच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम करून ते भिसेगावच्या घरी निवांत बसले होते. यंत्रांवर त्यांचा फार जीव. म्हणूनच की काय, अंघोळ झाल्याशिवाय मिक्सरला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. फोनवर देवळातली आरती बघायची, तर फोन पाटावर, चपला दाराबाहेर आणि डोक्यावर टोपी. एकदा ऐन आरतीत रेंज गेली आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. काका हात जोडून उभेच. मावशी म्हणाली, "अहो, बसा आता." काका म्हणाले, "आरती अर्धी हाय. अर्ध्यावर बसू कसा?"

मी वाद घालायचो. "काका, यंत्राला कसला आलाय धर्म?"

"यंत्राला नाय रं," ते शांतपणे म्हणायचे, "वापरतो त्याला हाय ना."

त्यांची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, नागपूरला बाळंत झाली तेव्हा मात्र हा धर्म आडवा आला. तिने लेकीचा व्हिडिओ पाठवला, पण तो काकांच्या फोनवर उतरेना. मी फोन तपासला, तर त्यात तिळाएवढीही जागा नव्हती. ओळखीपाळखीच्या लोकांनी रोज सकाळी पाठवलेले देव त्यात तीन वर्षं मुक्कामाला होते. सोमवारचे शंकर, मंगळवारचे गणपती, गुरुवारचे दत्त. मी ते पुसायला घेतले, तर काकांनी माझा हात धरला.

"काय करतोस? ते चित्र बघ. कचऱ्याचा डबा हाय तो. देव डब्यात टाकतोस?"

मावशीने नात माझ्या फोनवर बघून घेतली. काकांनी नकार दिला. "माझी नात मी दुसऱ्याच्या फोनवर बघू? मग हा कशापायी ठेवलाय?" तीन दिवस ते मावशीलाच विचारत राहिले, नाक कुणासारखं आहे, केस किती आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नदीवर नेलं. सोबत विसर्जनाच्या अक्षता, दही आणि मावशीने केलेली वाटली डाळ. निघताना मावशी माझ्या कानात म्हणाली, "दही तेवढं फोनवर घालू देऊ नको." काकांनी फोनवर अक्षता वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हटलं आणि एकेक देव हात जोडून पुसू लागले. तासाभरात एक महिनाही संपला नाही. सगळे एकदम पुसता येतात, असं मी सांगितलं.

"सगळ्यांना एकदमच निरोप?"

"गावातले गणपती एकदमच जातात ना, काका?"

ते त्यांना पटलं. सगळे देव एकदम गेले, व्हिडिओ उतरला आणि नात दिसली. तिने एक लांबलचक जांभई दिली, बाकी काही नाही. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि खाली वाकून नदीच्या पाण्याने तोंड धुतलं. अंघोळ तर पहाटेच झाली होती.

त्यानंतर कुणीही देव पाठवला की काका त्याला लगेच फोन लावायचे. "देव पोचला. तू कसा हायस?" काहीजण ओशाळले, काहींनी पाठवणंच बंद केलं. ठाकुरवाडीचा एक म्हातारा मित्र मात्र त्या प्रश्नावर अर्धा तास बोलला. बायको गेल्याचं त्याने कुणाला कळवलंच नव्हतं. मीसुद्धा कधीकधी मुद्दाम एखादा दत्त पाठवायचो, काकांचा फोन यावा म्हणून.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्याकडे अजून रोज सकाळी देव येतात. मी बघतो, पुसतो. क्वचित पाठवणाऱ्याला फोन लावावासा वाटतो. त्याचं नाव काढून ठेवतो, थोडा वेळ त्याकडे बघत बसतो. विचारायचं असतं एवढंसंच, पण काकांसारखं ते जमत नाही.