बाईंनी न मागितलेली परवानगी

बाई गेल्या तेव्हा मी ओरोसला, जिल्ह्याच्या एका कचेरीबाहेरच्या बाकावर बसले होते. काम त्यांच्याच अडवलेल्या पायवाटेच्या दाव्याचं होतं... साहेब जेवायला गेले होते, आणि साहेब जेवायला गेले की वाट बघणं हेच आमच्या जिल्ह्यात आंदोलन असतं. तेवढ्यात वाडीतल्या बाबलकाकांचा फोन आला. "बाय, फिलूबाई गेली गो. सकाळी चाय पितापिता गेली. भाचो गोव्यातसून येताहा, आजच माती देवची म्हणता." मी उठले आणि मिळेल ती एसटी पकडली.

नंतर चर्चच्या आवारात शोकसभा झाली. तिथे प्रत्येकाने बाईंना मायाळू म्हटलं. खोटं आहे हे. फिलोमिनाबाई मायाळू नव्हत्या. चौथीपर्यंत त्यांनी मला शिकवलं, आणि चूक सांगताना त्यांनी कधी आवाज खाली केला नाही. मी मोठी होऊन पत्रकं काढायला लागले, तर म्हणाल्या, "तुझी पत्रकां वाचून माका बरी झोप लागता गो. अशीच काढीत रव." सरपंच त्यांचाच विद्यार्थी. तळ्याकाठच्या लॉजला परवानगीचा ठराव आला, तेव्हा भर ग्रामसभेत त्याला म्हणाल्या, "तुका बाराचो पाढो कधी येवंक नाय. ठराव मात्र तोंडपाठ!" सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी एकानेही ठरावाच्या विरोधात हात वर केला नाही. त्यांना मायाळू ठरवलं की त्या काय बोलत होत्या ते विसरायला सोपं जातं, एवढंच.

त्या काय बोलत होत्या ते सांगते. धामापूरच्या तलावाला पाटी आहे, देऊळ आहे, पर्यटक आहेत. आमचं तळं जवळपास तेवढंच थोरलं, पण त्याला फक्त गाव आहे. तळ्याच्या अलीकडे चर्च, शाळा, बाजार. पलीकडे बाईंचं घर आणि दहा-बारा घरांची वाडी, हिंदू-ख्रिस्ती सगळी सरमिसळ. मधून काठाकाठाने पायवाट. कुणी बांधली नाही, चालून चालून पडली. मग मधली काजूची बाग विकली गेली, बाहेरच्या एका माणसाने तिथे लॉज बांधलं, आणि तारेचं कुंपण थेट पाण्यात नेऊन रोवलं. वाटेवर फाटक, फाटकाला कुलूप. वाडीला आता डोंगर चढून, डांबरी रस्त्याने वळसा. मालक मोठा गोड. म्हणायचा, "तुम्हाला कोण अडवतंय? फोन करा, वॉचमन उघडेल." सगळे फोन करायला लागले. बाई सोडून.

मार्चमधली एक दुपार आठवते. तार पाण्यात नक्की कुठपर्यंत गेली आहे याचे फोटो हवे होते, म्हणून बाई आणि मी अख्खा काठ फिरायला निघालो. वारा असा सुटला होता की पलीकडच्या माडांच्या झावळ्या एकाच बाजूला विंचरल्यासारख्या झाल्या होत्या. तळ्यावर लाटा... आमच्या तळ्याला लाटा येतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. काठाच्या जांभ्यावर पाणी थपडा मारल्यासारखं आपटत होतं. बोलायचं तर ओरडून. बाई पुढे, मी मागे, प्रत्येक खाचखळगा बघत, कुठे धुणं धुवायचे जुने दगड, कुठे गुरांची उतरण, आणि प्रत्येक ठिकाणी बाईंचं चालूच, "काढ फोटो. हेचो काढ. पत्रकात शब्द कमी घाल नि हे घाल." फाटकाजवळ आलो आणि वाऱ्याने त्यांची छत्री हातातून उपटून कुंपणापलीकडे फेकली.

वॉचमन आपल्याच गावचा. बिचारा अवघडला. म्हणाला, "बाई, सायबांका एक फोन करा नि घेवा. ते नाय म्हणूचे नाय."

"तो नाय म्हणूचो नाय, म्हणानच मी इचारूचंय नाय," बाई ओरडल्या. "इचारलंय काय वाट तेची झाली! कळला?"

त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि तारेचा शेवटचा खांब जिथे होता तिथून पाण्यात उतरल्या. कमरेपर्यंत पाणी, वरून लाटा. मी हात धरायला गेले तर झटकला. खांबाला वळसा घालून पलीकडे निघाल्या, छत्री उचलली, आणि त्याच पाण्यातून परत आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. मग वॉचमनला म्हणाल्या, "आता सायबाक फोन कर नि सांग, तळ्याक इचारून गेलंय." पुढे चर्चला जाताना त्या कायम तशाच गेल्या. पावसात पाणी चढलं की डोंगरावरून. फोन केला नाही. एकदाही नाही.

तर त्या दिवशी मी एसटीतून उतरून काठाने धावत सुटले. समोर बघते तर फाटक सताड उघडं. दोन्ही दारं. मधून बाईंची पेटी येत होती, वाडीतल्या पोरांच्या खांद्यावर, मागे भाचा, मागे अर्धं गाव. क्षणभर मला वाटलं, फोडलं! कुलूप फोडलं यांनी! मग बाजूला मालक दिसला. पांढरा सदरा, हात जोडलेले. त्याचा माणूस फोटो काढत होता.

मी बाबलकाकांना बाजूला ओढलं. काका बाईंचे चाळीस वर्षांचे शेजारी, ढसाढसा रडत होते. म्हणाले, "मीच सायबाक फोन केलंय गो. मेलेल्या माणसाच्या येळार भांडान कित्याक? मानूस बरो. लगेच हो म्हणालो."

मेलेल्याची वाट अडवू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. ती पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. नुसतं पेटी घेऊन फाटकाशी उभं राहायचं होतं. अख्ख्या गावासमोर, कॅमेऱ्यासमोर, मालकाला उघडावंच लागलं असतं, आणि वाट आमची म्हणून उघडली असती. बाईंनी आयुष्याच्या शेवटी एवढं एकच शस्त्र आमच्या खांद्यावर दिलं होतं. आम्ही ते घेऊन अगोदर फोन केला... आणि आभारही मानले.

माती पडली, आणि संध्याकाळी कुलूप परत लागलं. पुढच्या सुनावणीत मालकाच्या वकिलाने तो फोटो ठेवला. अंत्ययात्रेलासुद्धा गावाने परवानगी घेतली, म्हणाला, यातच सगळं आलं.

परवा फाटकाशी गेले होते. पलीकडे वाटेवर गवत यायला लागलंय. फाटकावर नवी पाटी आहे: 'खाजगी रस्ता. अंत्यविधीसाठी पूर्वपरवानगीने खुला.' बाबलकाका काठी टेकून ती वाचत उभे होते. हल्ली त्यांनाही धाप लागते. बराच वेळ वाचत होते.

"बाय," ते म्हणाले, "माझ्या येळार कोन इचारतलो गो?"

"आताच इचारून ठेवा, काका," मी म्हटलं. "मानूस बरो आसा."