हान्लीची सोडचिठ्ठी

दक्षिण कोरियात, सुनचॉनमधल्या त्या इंग्रजीच्या शिकवणीत हान्ली स्वानपूल अडकली होती ती एका कागदापायी. जुन्या मालकाने लिहून द्यायचं, की हिने दुसरीकडे काम धरलं तर माझी हरकत नाही. आम्ही परदेशी शिक्षक त्याला सोडचिठ्ठीच म्हणतो. नवऱ्याकडून मिळते तिच्यापेक्षा ही मिळायला अवघड. हान्लीला दोन्हींचा अनुभव होता, तेव्हा तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

ती दक्षिण आफ्रिकेतल्या अपिंग्टनची. तिथे तिची सात वर्षांची लेक लिझेल आजीपाशी राहत होती. इथे शिकवणीने दिलेली एकच खोली, नि करारात स्पष्ट लिहिलेलं, मूल आणायचं नाही. आता जिंजू शहरातल्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली होती, दोन खोल्यांच्या घरासकट. लेकीला आणता आलं असतं. पण एक मार्चला हजर व्हायचं होतं, आणि इथला करार ऑगस्टपर्यंत. सोडचिठ्ठीवाचून नोकरी सोडली तर देशही सोडायचा, मग कागदपत्रांचा सगळा घोळ पहिल्यापासून, तीन महिन्यांचा. तोवर जिंजूवाले काय तिची वाट बघत बसणार होते?

संचालिका मा सुन-ओक बाई. तोंडात साखर नि कमरेला किल्ल्या. हान्लीने तीनदा विचारलं, तीनदा बाईंनी संत्रं सोलून तिच्यापुढे ठेवलं. "टीचर, तुम्ही तर घरच्याच. घरचं माणूस असं मधेच उठून जातं का?" घरच्या म्हणे! घरच्या माणसाने एक दिवस सुट्टी मागितली तर कोणी महिनाभर तोंड फुगवून बसत नाही.

वाट दाखवली युन-बीने. ही तिथलीच मुलगी, पुढच्या टेबलावर बसून पोरांच्या आयांचे फोन घ्यायची.

"तुझ्या आधीच्या टीचरला बाईंनी का सोडलं, माहीत आहे? खुल्या तासाला त्याची फजिती झाली. आयांनी फोन करकरून डोकं उठवलं. आठवड्याच्या आत चिठ्ठी दिली, हसत हसत, वर केकसुद्धा कापला."

"म्हणजे मी मुद्दाम वाईट शिकवू?"

"मी काही म्हटलं नाही बाई. मी आपली कॉफी पितेय."

खुला तास म्हणजे फेब्रुवारीतलं बाईंच्या घरचं कार्यच. नवशिक्या पोरांच्या आया चपला बदलून मागे ओळीने बसतात, नि पुढे पोरं शिकतात. शिकतात कसली! सहा आठवडे तोच तास रोज घोटलेला असतो. कोणतं चित्र कधी काढायचं, हात कोणी वर करायचा, मधे एकदा मुद्दाम कोणी चुकायचं, सगळं ठरलेलं. हान्लीला या सोंगाची चीड होती, पण सोंग बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

वर्गात एक डेझी होती. खरं नाव ओक दा-इन. डेझी हे बाईंनी चिकटवलेलं. वय सहा. ऑक्टोबरपासून वर्गात तिने एक शब्द काढला नव्हता. म्हणून तिला काम एवढंच, की शेवटी सगळ्यांबरोबर हात हलवायचा.

आदल्या दिवशी हान्लीला अन्न गोड लागलं नाही. एवढ्याएवढ्याशी पोरं, नवे कपडे घालून येणार, आणि आपण त्यांना आयांसमोर तोंडघशी पाडणार. पण लिझेल डोळ्यांपुढे आली की ती मन घट्ट करायची. त्यांचा एक दिवस वाया जाईल, माझ्या पोरीची दोन वर्षं गेलीत.

तासाला अकरा आया आल्या. हान्ली आत शिरली, खुर्चीवर बसली, आणि चित्रांचा गठ्ठा मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. मिनिट गेलं. मागे खाकरणं सुरू झालं. दारात उभ्या बाईंचं हसू तिथल्या तिथे वाळलं. जमलं, असं हान्लीला वाटलं.

पण इतका घोटलेला तास मास्तरणीवाचूनही चालतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. डेझी जागेवरून उठली. हान्लीच्या मांडीवरचा गठ्ठा उचलला, तिच्या कानाशी वाकली आणि कोरियनमध्ये कुजबुजली, "टीचर, विसरलात ना? असू दे. मला येतंय."

मग पोरांकडे वळून, एक हात कमरेवर ठेवून, थेट हान्लीच्या अपिंग्टनी हेलातल्या इंग्रजीत तिने खणखणीत विचारलं, हे काय आहे? पोरांनी एका सुरात सांगितलं. मुद्दाम चुकायचं काम लिओकडे होतं, तो वेळेवर चुकला. डेझीने त्याला हान्लीसारखंच भुवया चढवून दटावलं. सोळा चित्रं झाली. एकही अडलं नाही.

हान्लीला त्या पोरीचा राग आला. असा की एक ठेवून द्यावी. पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली, आणि ती उठून टाळ्या वाजवायला लागली. दुसरं करणार काय?

डेझीची आई डोळे पुसत पुढे आली, वाकली, पुन्हा वाकली. "पाहुण्यांपुढेसुद्धा ती तोंड उघडत नाही हो. तुम्ही गप्प बसून तिला बोलतं केलंत." बाकीच्या आया माना डोलवत होत्या.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. संत्रं सोललेलं होतंच.

"खरं सांगू टीचर? परवापासून माझंच मन खात होतं. म्हटलं, आईचं काळीज आहे, देऊन टाकावी चिठ्ठी. पण आज अकराच्या अकरा आया सांगून गेल्या, पुढल्या वर्षीही याच हव्यात. आता मीच अडकले बघा." आणि बाई मनापासून हसल्या.

हान्लीने संत्रं दोन्ही हातांनी घेतलं, कारण तिथे मोठ्यांकडून एका हाताने घेत नाहीत.

खोलीवर येऊन तिने फोन लावला. अपिंग्टनला दुपार होती. लिझेलने पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, मी बॅग भरली. माझी मी. स्वेटर सगळ्यात वर ठेवलेत, उतरल्या उतरल्या घालायला."

चिठ्ठीचं हान्लीने सांगितलं नाही. "स्वेटर काढून ठेव, बाळा," ती म्हणाली. "इथली थंडी संपत आली."

लिझेल खूश झाली. "मग त्या जागी बाहुली मावेल. मावेल ना?"

"मावेल," हान्ली म्हणाली.