मारलं तरी देऊ नको

रशीदभाई गेल्याचं सांगायला गजानन माझ्या दुकानात आला, तेव्हा मी एका ट्रकवाल्याशी भांडत होतो. वणीत कोळशाच्या ट्रकांचे सुटे भाग विकायचे म्हणजे रोज कुणाशी तरी वाजतंच. गजाननचा पानठेला माझ्या समोरच आहे. तो दारातूनच म्हणाला, "रशीदभाई गेला, भाऊ." मी हातातलं बेअरिंग भिंतीवर फेकून मारलं. रडू नंतर आलं, आधी संतापच आला. महिना उलटला तरी तो काही उतरत नाही.

रशीदभाई माझ्या शेजारचा मेकॅनिक. हात सोन्याचे, डोकं मात्र कायम तापलेलं. काही वर्षांमागं कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, सरकी काढायच्या जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग, आणि नंबरावरून रोज कुणाचं ना कुणाचं डोकं फुटायचं. तिथली यंत्रं दुरुस्त करायला रशीदभाई जायचा, सुटे भाग घेऊन मीही. एकदा एका ड्रायव्हरनं कापसाच्या गंजीजवळ बिडी पेटवली. रशीदभाईनं त्याची गचांडी धरली, फरफटत हौदापाशी नेलं आणि तोंड पाण्यात दाबलं. "लोकायचं वरसभराचं पीक हाय इथं! अन् तुले बिडी सुचून राह्यली?" आम्ही ओढून काढलं नसतं तर तो माणूस मेलाच असता. आणि हा गृहस्थ फाटकाबाहेर येऊन काय करतो? स्वतः सिगारेट पेटवतो!

वर सांगायचा, की मी सोडली. आमच्याकडे सिगारेट सोडायची रीतच अशी आहे. पाकीट घेणं बंद करायचं आणि ठेल्यावर उभं राहून एक खुल्ली, म्हणजे सुटी सिगारेट, मागायची. खिशात पाकीट नाही, म्हणजे सुटलो. त्याची प्रत्येक खुल्ली शेवटची असायची, आणि गॅरेजपासून घरापर्यंत जितके ठेले तितक्या शेवटच्या व्हायच्या. पाकिटावर ते सडलेल्या फुफ्फुसाचं चित्र असतं, पण खुल्ली घेणाऱ्याला ते कुठून दिसणार? पाकीट तर ठेलेवाल्याच्या फळीवरच राहतं.

मग खोकल्यातून रक्त पडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीतली गाठ दाखवली आणि बजावलं, की आधी धूर पूर्ण बंद, मगच ऑपरेशन. तिथून परतल्यावर रशीदभाई घरी जायच्या आधी ठेल्यावर गेला. माझ्यादेखत गजाननचा हात धरून म्हणाला, "गजा, मले आता खुल्ली देऊ नको. मांगितली तरी नाही. मारलं तरी देऊ नको."

काही दिवस निभावलं. मग एका भर दुपारी तो गॅरेजमधून तसाच पाना हातात घेऊन ठेल्यावर आला.

"एक दे."

"नाही देत."

"काहून नाही देत? तुह्या बापाची हाय काय?"

त्यानं बरण्या खाली ओढल्या. काचा, सुपारी, कात, सगळं रस्त्यावर. गजानन सिगारेटची पाकिटं पोटाशी धरून वाकला, आणि रशीदभाईनं पाना त्याच्या डोक्यात घातला. मी पोचेपर्यंत दुसरा घाव बसला होता. पानांच्या टोपलीत रक्त गळत होतं, आणि गजानन ओरडत होता, "मार! मार, पन देत नाही!"

त्या ओरडण्यानं रशीदभाई भानावर आला. पाना फेकून लहान मुलासारखा रडायला लागला. आपला शर्ट फाडून त्यानंच गजाननचं डोकं बांधलं, त्यानंच दवाखान्यात नेलं. आत टाके पडत होते... आणि हा दिसेना. बाहेर आलो, तर दवाखान्याच्या फाटकालगतच्या ठेल्यावर, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, तो झुरके घेत उभा. मी कानाखाली ओढली, सिगारेट उडून नालीत पडली. तो म्हणाला, "एकच होती, भाऊ."

धूर सुटेना, तसं ऑपरेशन लांबत गेलं. शेवटी डॉक्टरांनीच नको म्हटलं.

दफन झाल्यापासून गजानन पाकीट फोडत नाही, कुणालाच खुल्ली देत नाही. गिऱ्हाईक तुटलं, लोक त्याला येडा म्हणतात. परवा मुकुटबनकडून आलेला एक ड्रायव्हर खुल्लीसाठी अडून बसला. आईवरून शिव्या दिल्या आणि हात उगारला. मी दुकानातून धावलो. गजानन मागे सरला नाही. त्यानं चष्मा काढून फळीवर ठेवला.

"मार," तो म्हणाला. "दोस्तानं मारलं तई देली नाही, आता तुले देऊ?"