उचामाचे मातीचे वीर

मेक्सिकोला मेक्सिको म्हणणारं अजून कुणी जन्मलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. धुराच्या डोंगराखाली एक गाव होतं, आणि त्या गावात उचामा नावाची कुंभारीण. हाताला कसब, जिभेवर मध. कुणी मेलं की त्याच्यासोबत पुरायला मातीचा बाहुला लागायचा. बाहुला जसा, तसाच तो माणूस खाली पूर्वजांत नांदणार, अशी समजूत. मग घरचे म्हणायचे, "उचामाकाकी, जरा रुबाबदार करा हो!" नाही म्हणणं काकीला जन्मात जमलं नाही. सरडा दिसला की घरात पळणाऱ्याला तिनं शिरस्त्राण चढवलं, उंबरठा न ओलांडलेल्याच्या हाती गदा दिली. गाव वर भित्रं, खाली मात्र फौजच फौज!

एके दिवशी गावचा थोरला मुवेरी तिच्या अंगणात येऊन बसला. आधी पोट बसलं, मग तो.

"काकी, माझे दिवस भरत आलेत. बाहुला जितेपणीच बघून घेतो म्हटलं. वीर पाहिजे. छाती अशी, गदा अशी!"

काकीनं माती मळायला घेतलीसुद्धा. तेवढ्यात वैदू तौका धापा टाकत आला. धुरी घेऊन, डोळे मिटून, तो नुकताच पूर्वजांना भेटून आला होता.

"थोरले, खाली उपासमार चाललीय! जो तो गदा घेऊन पहाऱ्यावर. मका दळायचा कुणी? तुमच्या आजोबांचा निरोप आहे, आणखी एक वीर धाडलात तर दारातूनच परत पाठवू. स्वयंपाकी धाडा."

"मी? स्वयंपाकी?" मुवेरी लालबुंद झाला. "काकी, वीर नाही केलास तर नदीकाठची माती तुला बंद!"

"आणि वीर केलास," तौका म्हणाला, "तर पुरायचा खड्डा मी उघडणार नाही. फिरू देत थोरले वेशीवर."

अडकित्त्यातली सुपारी झाली काकीची. माती बंद म्हणजे चूल बंद. ती तडक मुवेरीच्या बायकोकडे गेली. हाइमा मका दळत होती.

"हाइमा, तुझ्या नवऱ्याला स्वयंपाकातलं काय येतं गं?"

"खाता येतं."

"आणि घरातली ती गदा? चालवली कधी?"

"त्यानं कुठली! मागच्या मेजवानीत पळी मोडली, तेव्हा मीच त्या गदेनं रांजणातलं कालवण ढवळलं. तेवढीच लढाई बघितलीय तिनं."

काकी हसत सुटली ती थेट अंगणात येऊन थांबली. बाहुला घडला, वाळला, आव्यातून अखंड निघाला. शिरस्त्राण, भरदार छाती, दोन्ही हातांत गदा. गदेखाली काहीतरी गोल.

मुवेरी खूश. "गदा झकास! पण खाली हे काय?"

"शत्रूचं डोकं, थोरले. फुटायच्या आधीचं."

तौकानं वाकून पाहिलं. "वा, रांजण! पळीही चांगली लांब आहे."

काकी दोघांकडे बघून मान डोलावत राहिली. माती वाचली.

थंडीत मुवेरी गेला. दोर लावून त्याला खोल खड्ड्यात उतरवलं, बाहुला कुशीत ठेवला. तौकानं धुरी घेतली, डोळे मिटले आणि आरोळी दिली, "चूल पेटली!" लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हाइमा मात्र डोळे पुसत खड्ड्याच्या काठाशी गेली, वाकली आणि मोठ्यानं म्हणाली,

"अहो, ऐकलंत का? हात थांबवू नका, बुडाला लागेल!"